सकाळचा नेम

त्या वर्षी मी भर वर्गात पडले. लवळ्याच्या टेकडीवरच्या एका कॉलेजात कायदा शिकत होते, तिसरं वर्ष होतं, आणि त्या दुपारी आमचा सरावाचा खटला होता. चार दिवस त्याची तयारी चाललेली. मी उभी राहिले, "माननीय न्यायालयापुढे" एवढं म्हणाले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. समोरच्या टेबलाचा कोपरा कपाळात घुसला. शुद्धीवर आले तेव्हा रक्त भुवईवरून कानात उतरत होतं आणि कोणीतरी माझ्याच भाषणाचे कागद जखमेवर दाबून धरले होते.

टाके घालता घालता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सकाळी काय खाल्लं होतं?"

"चहा."

"काल रात्री?"

"चहा. आणि बिस्किटं."

"झोप किती?"

त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. रिपोर्ट आल्यावर बाई मला अजिबात रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. "तुझ्या वयाच्या मुलीचं रक्त असं नसतं गं," एवढंच म्हणाल्या.

खोलीवर येऊन मी चार नेम ठरवले. सकाळी उठून पळायचं. पोटात काही घातल्याशिवाय कॉलेजला जायचं नाही. कॅन्टीनचा चहा दिवसातून दोनदाच. रात्री अकराला दिवा बंद. असले नेम मी आधीही केले होते आणि आठवड्याभरात मोडले होते. या वेळी मात्र मी ते पाळायला घेतले ते एखाद्या वैऱ्याशी भांडायला उतरावं तसे. वैरी म्हणजे माझं स्वतःचंच अंग. गजर झाला की मी मांडीला करकचून चिमटा घ्यायचे, निळं पडेपर्यंत. पळताना पोटात कळ आली की वेग वाढवायचे. ओकारी झाली की तोंड पुसून पुन्हा पळायचे. वर्गात ज्या पायांनी मला दगा दिला होता, त्यांना मला शिक्षा करायची होती.

मी टेकडीच्या पायथ्याला, गावातल्या एका शेतकरी घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते. घरमालकीण एकटीच होती. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन मारुंजीला. मी तिला काकू म्हणायचे. बांधा सडपातळ, आवाज मात्र चढा. पहिल्या दिवशी मला धापा टाकत परत आलेली पाहून ती म्हणाली, "काय गं, कोण मागं लागलं व्हतं?"

"पळायला गेले होते काकू. तब्येतीसाठी."

"फुकट पळती व्हय? मग माज्या खाचरात ये. दोन तास वाकून काम कर, तब्येत हुती का न्हाई बघ."

पण त्याच दिवसापासून माझ्यासाठी सकाळी एक भाकरी जास्त पडू लागली. तिखट पिठलं, नाहीतर दूध आणि गूळ. मी संपवलं नाही तर ती दारात उभी राहायची, कॉलेजची वेळ झाली तरी बाजूला व्हायची नाही.

दुसऱ्या आठवड्यात कुत्र्यांनी गाठलं. गावाबाहेर खडीच्या ढिगांजवळ पाच-सहा कुत्री असायची. त्यातलं एक आधी भुंकलंसुद्धा नाही. मागून आलं आणि पोटरीचा लचकाच धरला. मी ओरडत पडले, तशी बाकीची धावून आली. एका टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवत गाडी कुत्र्यांच्या अंगावर घातली म्हणून सुटले. पोटरीत चार खोल भोकं होती, आणि मग इंजेक्शनांसाठी सरकारी दवाखान्याच्या फेऱ्या.

दोन दिवस मी पळाले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काकू हातात वेताची काठी घेऊन आली. काकांची होती. जाड, तेल पिऊन काळी झालेली.

"ही घे. आन् ऐक. कुत्रं दिसलं की पळायचं न्हाई. हुबं राह्यचं. डोक्यावर मारू नगं, डोकं टणक असतंय. पुढच्या पायावर मार. आन् मारायचं तर मनापास्नं मार. अर्ध्या मनानं मारलं की चावतंय."

अंगणात तिनं मला मारायला शिकवलं. पाण्याच्या रिकाम्या ड्रमवर. "खांद्यानं न्हाई, कमरंतनं," असं म्हणत माझी कंबर दोन्ही हातांनी वळवायची. ड्रमचा आवाज वाडीवर जायचा. मला त्या आवाजाची गोडी लागली, हे मी आज कबूल करते.

काठी मिळाल्याच्या चौथ्या दिवशी तेच कुत्रं पुन्हा आलं. मी उभी राहिले आणि कमरेतून फिरून काठी हाणली. हाड मोडल्याचा आवाज आला. ते किंचाळत तीन पायांवर ढिगामागे गेलं. मी तिथून पळत निघाले ते थेट धरणाकडच्या वळणापर्यंत न थांबता. एवढं मी आधी कधीच पळाले नव्हते. वाटेत मी हसत होते. परतताना ढिगामागून त्याचं कण्हणं ऐकू आलं, तेव्हा हसू गेलं. पण आत जे गरम गरम वाटत होतं ते काही गेलं नाही.

त्यानंतर माझा नेम मोडला नाही. परीक्षा आली, निबंध आले, एका वकिलांच्या ऑफिसात उमेदवारीसाठी अर्ज करायचे होते. मैत्रिणी रात्ररात्र जागत होत्या, मी अकराला दिवा बंद करत होते. त्या मला म्हातारी म्हणायच्या. भिंतीवर मी रोज एक रेघ ओढायचे. चाळीस रेघा झाल्या. पायऱ्या चढताना छाती भरून येईना, दुपारी डोळे मिटेनात. दंडाला बेडकी आली होती, ती मी आरशात वळून वळून बघायचे.

एकेचाळिसावी सकाळ. भात काढून झालं होतं, खाचरं उघडी पडली होती. परतताना लांबूनच मला जेसीबीचा आवाज आला. रस्त्याकडेच्या काकूच्या खाचरात पिवळं यंत्र उतरलं होतं आणि बांध ओरबाडत होतं. तिथे फावडं घेतलेल्या एका माणसाला घेऊन काकूचा दीर उभा होता. दिराला मी ओळखत होते. मागच्या बाजूची स्वतःची जमीन त्यानं प्लॉट पाडायला दिली होती, आणि तिथे जायला त्याला काकूच्या खाचरातून रस्ता हवा होता. काकू नाही म्हणाली होती. दोनतीनदा अंगणात येऊन तो शिव्या देऊन गेल्याचं मी खिडकीतून पाहिलं होतं.

काकू जेसीबीच्या दाताळ्यापुढे बांधावर बसली होती. केस मोकळे, पायात चप्पल नाही.

"ऊठ वहिनी," दीर म्हणाला.

"माज्या अंगावरनं घाल. मंग कर रस्ता."

"ऊठ म्हनलं ना!"

त्यानं वाकून तिचे केस धरले आणि ओढलं. ती आडवी झाली तरी त्यानं सोडलं नाही. ढेकळांतून तिला तसंच फरफटत नेलं, चारपाच पावलं. तिच्या लुगड्याचा पदर बांधावरच्या बाभळीत अडकून टरकन फाटला. तिनं त्याच्या मनगटाला चावा घेतला. त्यानं दुसऱ्या हातानं तिच्या तोंडात मारली. उघड्या पंजानं आधी, मग मुठीनं.

मी धावत होते हे मला आठवतं. मी काही ओरडले का, ते आठवत नाही. काठी कमरेतून फिरली आणि त्याच्या कोपरावर बसली. कुत्र्याच्या वेळी झाला होता तसाच आवाज झाला. त्यानं केस सोडले. इथे मी थांबायला हवं होतं. कायदा इथे थांबायला सांगतो, आणि तो धडा मी परीक्षेत चांगल्या मार्कांनी लिहिला होता. मी थांबले नाही. तो गुडघ्यावर आला, तरी मी मारलं. खांद्यावर, पाठीवर, पुन्हा त्याच हातावर. त्यानं तो हात तोंडापुढे धरला होता आणि हात भलत्याच जागी वाकत होता. प्रत्येक फटक्याला मला बरं वाटत होतं. उलट्या, चिमटे, वर्गातलं पडणं, सगळं त्या माणसाच्या अंगावर उतरत होतं.

"मरंल त्यो! सोड, पोरी, मरंल!" काकू माझ्या पायांना मिठी मारून ओरडत होती. तिच्या तोंडातून रक्त गळत होतं.

तेवढ्यात मागून दिराच्या माणसानं फावड्याचा दांडा माझ्या खांद्यावर घातला. गळ्याखालचं हाड मोडल्याचं मला आतून ऐकू आलं. तोंडात माती गेली. तो माणूस पळाला, जेसीबीवालाही यंत्र तसंच चालू ठेवून उडी मारून पळाला, आणि आम्ही तिघं त्या घरघराटात पडून राहिलो.

दवाखान्यात मला पट्टा बांधून खाटेवर बसवलं होतं. शेजारच्या पडद्याआड काकूच्या ओठाला टाके घालत होते. हवालदार आले. काकू पडद्याआडूनच बोलली, टाके चालू असताना, बोबडी.

"मीच मारलं दिराला. माझीच काठी. पोरगी सोडवाया आली आन् तिला लागलं."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. "असंच झालं का?"

मला आधी काय आठवलं ते सांगायला लाज वाटते. उमेदवारीचा अर्ज आठवला. सनद घेताना गुन्ह्याची माहिती द्यावी लागते ते आठवलं. आणि त्याहून क्षुद्र म्हणजे, उद्यापासून भिंतीवरच्या रेघा तुटणार हे आठवलं.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी तेवढाच जबाब लिहून घेतला, काकूला कोणी मारलं ते विचारलं नाही, आणि मी डाव्या हातानं सही केली. काठी जप्त झाली.

आईवडील सोलापूरहून आले आणि मला होस्टेलवर हलवायला निघाले. मी गेले नाही. मला वाटलं होतं, काकूजवळ राहून तिची सेवा करावी. प्रत्यक्षात तिनंच माझी केली. उजवा हात बांधलेला, तर ती मला घास भरवायची. सुजलेल्या ओठांनी म्हणायची, "खा. हाड जुळाया पायजे." आणि तिच्यावर गुन्हा लागला होता म्हणून, जामिनाच्या अटीप्रमाणे, दर सोमवारी चांगलं लुगडं नेसून, सहा आसनी रिक्षात बसून चौकीवर हजेरी द्यायला जायची. दिवसभर तिला तिथे बाकावर बसवून ठेवत. संध्याकाळी येऊन ती थेट गोठ्यात शिरायची. एकदा मी मागे गेले, तर ती म्हशीच्या पाठीला डोकं टेकवून उभी होती.

"काकू, मी खरं सांगते त्यांना."

ती फिरली. "गप. तू वकील व्हयाची हायेस. आन् मला त्याला मारायचंच व्हतं, इतकी वरसं. तू आधी पोचलीस, एवढंच."

मी गप्प राहिले. माझ्या मनासारखंच झालं होतं म्हणून गप्प राहिले.

पट्टा सुटला तशी मला व्यायामासाठी पिरंगुटच्या एका दवाखान्यात पाठवलं. खांदा आखडला होता. दुसऱ्याच दिवशी मी खुर्चीवर बसून रबरी पट्टी ताणत होते, तेव्हा दार उघडून दीर आत आला. हात झोळीत. वजन उतरलं होतं, दाढी वाढली होती. खोली एकच, आणि खुर्च्या दोन. व्यायाम करून घेणाऱ्या तरुण बाईंना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी त्याला माझ्या शेजारी बसवलं, त्याच्या हातात तसलीच पट्टी दिली आणि म्हणाल्या, "दोघं बरोबर करा. दहा वेळा. दुखलं तरी थांबायचं नाही." आणि फोन घ्यायला बाहेर गेल्या.

आम्ही पट्ट्या ताणू लागलो. त्याच्या कपाळावर घाम आला. चौथ्या खेपेला तो कण्हला.

"हात वर जात न्हाई," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "शर्ट बी बायको घालती."

मी पाचव्यांदा पट्टी ताणली.

"तूच मारलंस. मला ठाव हाय."

"मग पोलिसांना का नाही सांगितलं?"

तो हसला. "पोरीनं मारलं म्हनून काय हातात पडलं असतं? वहिनीचं नाव आलं म्हंजी वहिनी वठणीवर येती. अजून दोन सोमवार गेलं की देती बघ रस्ता." मग जरा थांबून तो म्हणाला, "तुजं बी भलंच झालं की."

माझ्या हातातली पट्टी ताणलेली होती. ती त्याच्या गळ्याभोवती टाकून ओढायला किती वेळ लागेल, याचा मी विचार केला. खरंच केला. जोर किती लागेल, बाई बाहेरून आत यायला किती वेळ घेतील, सगळं मनात मांडलं. दुखरा खांदा तापून आला आणि खाचरात वाटलं होतं तेच गरम गरम पुन्हा आत चढू लागलं. त्याचा तो निकामा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर होता, आणि तो मी पुन्हा मोडू शकले असते. तो माझ्याकडे बघत होता. त्याला माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे, तो खुर्ची सरकवून मागे झाला. त्याच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती पाहून मला पुन्हा बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच मला भीती वाटली.

मी पट्टी खाली ठेवली आणि उठून बाहेर आले. व्यायाम अर्धाच झाला होता. समोरून येणाऱ्या बसमध्ये चढले आणि थेट चौकीवर उतरले.

हवालदार म्हणाले, "मॅडम, तुमचा जबाब झालाय. अभ्यास करा."

"तो खोटा होता. मला दुसरा द्यायचाय."

त्यांनी मला तासभर बसवलं, बहुतेक मी कंटाळून जाईन म्हणून. मग साहेब आले. मी सगळं सांगितलं. केस धरून फरफटत नेलं ते, मुठीनं मारलं ते, फावड्याचा दांडा कोणी घातला ते, आणि तो गुडघ्यावर आल्यावरही मी किती फटके मारले ते. साहेबांनी विचारलं, "हे शेवटचं कशाला लिहायचं? पहिल्या फटक्यापर्यंत ठेवू या की."

"नाही. लिहा."

घरी येऊन काकूला सांगितलं. तिनं हातातलं पितळी ताट माझ्या दिशेनं भिरकावलं. ते दाराच्या चौकटीवर आपटून अंगणात गेलं. "माजं इतकं सोमवार मातीत घातलंस!" ती ओरडली. पुढे आठवडाभर बोलली नाही. भाकरी मात्र रोज ठेवली.

पुढचं फार लांबलं, पण थोडक्यात सांगते. माझ्यावर गुन्हा लागला. कॉलेजच्या समितीपुढे उभं राहावं लागलं, उमेदवारी हातची गेली, एक सत्र घरी बसवलं. पण माझ्या जबाबात दिराचं नाव होतं, त्याच्या माणसाचंही होतं, आणि बाईचे केस धरून ओढल्याचं लिहिलेलं होतं. त्यावरून त्याच्यावरही गुन्हा लागणार म्हटल्यावर तो नरमला. गावात बैठक झाली. दोन्हीकडच्यांनी माघार घ्यायची ठरलं, आणि पुढे वरच्या कोर्टातून ती प्रकरणं मिटली. सरकारी मोजणी झाली, खाचराच्या चारी कोपऱ्यांना दगड बसले. रस्ता झाला नाही. दिराचा हात पुरता वर गेला नाही. माझं हाड जुळलं, पण गळ्याखाली एक गाठ राहिली आहे. ओढणी सरकली की लोक विचारतात.

त्या घरी बसवलेल्या सत्रात काकूकडेच राहून मी पुन्हा पळायला सुरुवात केली. या वेळी हळू. पोटात कळ आली की थांबायचे, रस्त्याकडेला बसायचे. काही दिवस चुकले, पण त्याबद्दल स्वतःला चिमटे काढले नाहीत. आजही, वकिली करताना, कोर्टाच्या दिवसांत नेम मोडतो आणि मी तो पुन्हा धरते. रक्ताचे रिपोर्ट बरे येतात. मारायची ऊर्मी गेली असं मात्र मी म्हणणार नाही. ती कुठे बसली आहे ते मला माहीत आहे, एवढंच.

त्या सत्राच्या शेवटी एका सकाळी मी बुटाची नाडी बांधत होते, तर काकू चप्पल घालून अंगणात तयार उभी होती.

"कुठं काकू?"

"डागदर म्हनला, बीपी लई वाढलंय, रोज चालाया पायजे. जल्मभर चाललीया, आता ह्यो मला शिकिवतुया." पदर कमरेला खोचत ती म्हणाली, "चल. पळायचं न्हाई हां, मला जमायचं न्हाई."

आम्ही निघालो. ती इतकी भराभर चालत होती की तिच्या बरोबरीनं राहायला मलाच मधूनमधून पळावं लागत होतं. दिराच्या घरावरून गेलो, तेव्हा तो ओट्यावर बसून डाव्या हातानं चहा पीत होता. काकूनं मान वळवली नाही, वेगही कमी केला नाही. घर मागे पडल्यावर तिचा हात माझ्या कोपराशी आला आणि तिथे घट्ट राहिला. तिला धाप लागली होती. "बसू या का?" मी विचारलं.

"अजून थोडं," ती म्हणाली.